न सापडलेल्या कणाचा सत्कार

कामण नाका जवळ आला तसा प्रितेशने टेम्पो हळू केला आणि म्हणाला, "ताई, आता डोळे मिट. मी सांगेन तेव्हा उघड."

स्वप्नालीने डोळे मिटले नाहीत. विमानाच्या प्रवासाने ते आधीच चुरचुरत होते, आणि धाकट्या भावाच्या गमती तिला पाठ होत्या. त्यामुळे मेडिकलच्या दुकानावर, विजेच्या तारांच्या अगदी खाली, दोन मजली उंचीचा स्वतःचा चेहरा तिला उघड्या डोळ्यांनीच बघावा लागला.

फोटो मावसबहिणीच्या हळदीतला होता. तिच्या खांद्यावरचा मावशीचा हात कापायचा राहिला होता. चार बोटं आणि एक अंगठी तशीच होती. मागे निळीजांभळी आकाशगंगा, जिचा स्वप्नालीच्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. शेजारी कोट घालून, हाताची घडी घालून उभे असलेले ध्रुवांक अकॅडमीचे जितेश सर. त्यांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा. आणि वर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत:

'देवकणाच्याही पुढचा कण शोधणारी आपल्या मातीतली कन्या! कु. स्वप्नाली जयराम भोईर. ध्रुवांक अकॅडमीच्या गुणी विद्यार्थिनीचे हार्दिक अभिनंदन! जाहीर सत्कार रविवारी.'

"कसं वाटतंय?" प्रितेशने हसत विचारलं.

"कोणी लावलं हे?"

"क्लासवाल्यांनी. फोटो बाबांनी दिला. आख्ख्या गावाने स्टेटसला ठेवलाय." मग बहिणीच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं. "काय झालं? फोटो बरा नाही आला?"

ती काय करत होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर तिच्या रागाचं कारण कळायचं नाही. जिनिव्हाजवळ जमिनीखाली एक गोल भुयार आहे, आपल्या वसईपासून बोरिवलीपर्यंत जितकं अंतर, त्याहूनही लांब घेर असलेलं. त्यात वर्षातले काही आठवडे शिशाच्या अणूंचे गाभे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने समोरासमोर सोडतात. बहुतेक लोकांना रस त्यांच्या टकरीत. स्वप्नालीच्या गटाला रस हुकलेल्या टकरीत. दोन गाभे एकमेकांना न शिवता अगदी जवळून निघून गेले, की त्यांच्याभोवतीचं जबरदस्त विद्युतक्षेत्र प्रकाशाच्या झोतासारखं वागतं, आणि फार क्वचित एका झोतातला प्रकाशकण दुसऱ्या झोतातल्या प्रकाशकणावर आपटतो. एरवी उजेड उजेडाला अडवत नाही. इथे अडवतो. टकरीतून दोन नवे प्रकाशकण बाहेर पडतात आणि बाकी सगळं यंत्र रिकामं, चिडीचूप राहतं. त्या दोघांची ऊर्जा मोजायची, हिशेब मांडायचा. त्यांच्यामध्ये क्षणभर एखादा आजवर कोणी न पाहिलेला कण, ॲक्सिऑनसारखा, जन्मून मेला असेल, तर आलेखावर एका ठरावीक जागी उंचवटा दिसतो.

आणि उंचवटा दिसला होता. लहानसा, पण दिसला होता. गटातली मोठमोठी माणसं खालच्या आवाजात बोलायला लागली होती. आलेख स्वप्नालीने काढलेला, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तिला मात्र त्या उंचवट्यातल्या काही नोंदी खटकत होत्या. त्या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण जवळजवळ सारखेच दिसतात. फरक एवढाच की इलेक्ट्रॉन मागे रेघ सोडतो, प्रकाशकण सोडत नाही. खटकणाऱ्या नोंदी ज्या दिवसांतल्या होत्या, त्या दिवसांत रेघा टिपणारा एक भाग बंद पडलेला होता. रेघ नव्हती, कारण रेघ टिपणाराच झोपला होता. ते प्रकाशकण नव्हतेच. इलेक्ट्रॉन होते.

हे तिने स्वतः शोधलं, स्वतः सगळ्यांसमोर मांडलं आणि स्वतःच्या हाताने तो उंचवटा पुसला. दोन दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नाही. शेवटी निष्कर्ष निघाला तो असा: वस्तुमानाच्या एवढ्या पट्ट्यात, एवढ्या ताकदीचा असा कण नाही. इतक्या बारकाईने तो पट्टा आधी कोणी चाळला नव्हता. स्वप्नालीला त्या 'नाही'चा जेवढा अभिमान होता तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचा नव्हता.

आणि इथे कामण नाक्यावर, मावशीच्या चार बोटांसकट, तिच्या तोंडून 'आहे' वदवून घेतलं होतं.

घरी पोचल्यावर आईने, यमुनाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. जयराम भोईर गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. खाडीकाठच्या शेतीवर भागेना म्हणून ते गोदामात देखरेखीला लागले होते, पण भाताचं खाचर अजून सोडलं नव्हतं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो शर्ट बघून स्वप्नालीने आवाज जरा खाली आणला.

"बाबा, तुम्ही मला न विचारता फोटो दिलात?"

"ते सर सोता आले गं घरी. गाडी घेऊन. इतका मोठा मानूस आपल्या ओटीवर बसला, चहा पिला. बोलले, तुमच्या पोरीने गावाचं नाव काढलं."

"बाबा, तो कण सापडला नाही."

जयरामना वाटलं ती चेष्टा करते आहे. "म्हंजे?"

"म्हणजे नाही सापडला. आम्ही शोधलं. तो तिथे नाही."

आईने ताटात वाढायला घेतलेली माशाची तुकडी तशीच हातात धरली. जयरामांनी शर्टाची बाही सारखी केली. मग हळूच म्हणाले, "मंग इतकी वरसं केलंस काय?"

हे तिच्या वर्मी बसलं. जितेश सर परके होते. हा प्रश्न बापाचा होता. ती उठून ओटीवर गेली, परत आली.

"उधाणाच्या भरतीआधी तुम्ही खाडीचा बांध चालत जायचात ना? खेकड्याने कुठे बीळ पाडलंय का बघत? आजोबापण जायचे."

"जायाला लागायचं. एक बीळ राह्यलं तरी खारं पानी आत, भात गेला."

"आणि एखाद्या वेळी कुठेच बीळ नसलं तर? घरी येऊन सांगायचात ना, बांध धड आहे म्हणून? तेव्हा आजी म्हणायची का, की मग इतका वेळ केलंत काय?"

जयराम विचारात पडले. "नाय म्हनायची," ते म्हणाले. "पन बीळ नसलं म्हनून कोनी सत्कारबी करत नाय गं, सपू. मी आख्ख्या भावकीला सांगून ठेवलंय."

त्या संध्याकाळीच तिला दुसरा दणका बसला. वसई-विरारच्या बातम्या टाकणाऱ्या कुठल्याशा पानावरून त्या बोर्डाचा फोटो फिरत फिरत तिच्या गटातल्या एका सहकाऱ्यापर्यंत पोचला होता, आणि त्याने पिवळ्या अक्षरांचं भाषांतर करून पुढे पाठवलं होतं. गटप्रमुखाचा संदेश आला: तुमच्या संमतीने असा दावा केला गेला आहे काय? खुलासा होईपर्यंत पुढच्या महिन्यातल्या परिषदेतलं तुमचं भाषण थांबवत आहोत.

स्वप्नालीने तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. उंचवटा पुसणारी ती. ज्यांना तो पुसला जाऊ नये असं मनातून वाटत होतं ते आता तिलाच विचारत होते, खोटं बोललीस का? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, की माझ्या संमतीने नाही, आणि हा बोर्ड मी उतरवून घेणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अकॅडमीत गेली. जितेश सरांची खोली थंडगार होती. भिंतीवर डॉक्टर आणि इंजिनीअर झालेल्या पोरांच्या हसऱ्या तसबिरी, मधोमध एक रिकामी चौकट.

"या या, मॅडम! चहा घेणार की कॉफी?"

"सर, तो बोर्ड आज उतरवा."

"का? नावात काही चूक झाली का?"

"त्यात लिहिलंय ते खरं नाही. कण सापडलेला नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. "आम्ही कुठे म्हटलं सापडला? नीट वाचा. 'शोधणारी'. तुम्ही शोधत होता की नव्हता?"

इतका निर्ढावलेला डाव स्वप्नालीने अपेक्षिला नव्हता. "मग अभिनंदन कशाबद्दल?"

"प्रयत्नांबद्दल!"

"मग तसं लिहा ना. 'शोधूनही कण सापडला नाही, अभिनंदन.' लिहा!"

सर मनापासून हसले. "मॅडम, त्यावर ॲडमिशन कोण घेईल? तुम्ही सायंटिस्ट लोक फार लिटरली घेता. पब्लिकला थोडं फुलवून सांगावं लागतं. यात तुमचं नुकसान काय? उलट नाव होतंय."

"माझं भाषण थांबवलंय त्यामुळे. आणि मी तुमची विद्यार्थिनी नाही."

"अकरावीला होतात. रेकॉर्ड आहे आमच्याकडे."

होती, हे खरं होतं. तीन आठवडे. तेव्हा बापाने कुठून कुठून जमवून तिला तिथे घातलं होतं. एकदा प्रकाशाच्या धड्याला तिने हात वर केला आणि विचारलं, की सर, दोन टॉर्च समोरासमोर धरले तर एका टॉर्चचा उजेड दुसऱ्याच्या उजेडाला धडकतो का? याच जितेश सरांनी खडू टेबलावर आपटला होता. "परीक्षेत येणार आहे का हे? ज्यांना टॉर्च खेळायचेत त्यांनी मागच्या बॅचला बसा." वर्ग हसला होता. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव खरोखरच मागच्या बॅचला गेलं, आणि पुढच्या आठवड्यात तिने क्लासच सोडला.

"तुम्हाला आठवतंय का मी का सोडला?" तिने विचारलं.

"इतकी मुलं येतात-जातात, बाळा," सर म्हणाले. मघाची मॅडम आता बाळ झाली होती. "रविवारी ये. आईबाबांना घेऊन ये. बापाच्या आनंदावर पाणी नको टाकूस. पाहुणे ठरलेत, हॉल ठरलाय."

ती उठली. दारापाशी पोचल्यावर म्हणाली, "येईन." सरांना वाटलं, मानली.

तिथून ती थेट वसईतल्या होळी गावात गेली, रोझमेरी टीचरांकडे. टीचर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून घरामागच्या वाडीत पडवळ आणि वालाच्या वेलींमध्ये रमल्या होत्या. त्या टॉर्चच्या प्रश्नाला उत्तर त्यांनी दिलं होतं. प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद करून, शिपायाकडचा आणि स्वतःचा असे दोन टॉर्च एकमेकांवर आडवे रोखून. "बघ, काही होत नाही. पण पुस्तकवाले म्हणतात, फार फार क्वचित होतं. कसं ते मला नाही कळत. तुला कळलं तर मला सांगायला ये," असं म्हणाल्या होत्या. आज स्वप्नाली सांगायला आली होती, आणि सांगता सांगता रडायला लागली. रागाने.

टीचरांनी तिला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. "माझं नाव नाही बोर्डावर म्हणून वाईट वाटून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "माझा फोटो कुणी त्या तारांमध्ये टांगला असता तर मी स्वतः कोयता घेऊन गेले असते."

"टीचर, बाबासुद्धा म्हणतात, इतकी वर्षं केलंस काय."

टीचरांच्या कपाळावर आठी उमटली. "प्रॅक्टिकलच्या वेळी मी ओरडून ओरडून घसा बसवला. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाचं उत्तर नऊ पॉइंट आठ नाही आलं तर जे आलं ते लिहा. शेजाऱ्याचं बघून जुळवू नका. तरी अर्धा वर्ग जुळवायचा, आणि बाहेरून आलेले परीक्षक त्यांनाच पैकीच्या पैकी द्यायचे. तू एकदा नऊ पॉइंट तीन लिहिलं होतंस. मार्क गेले तुझे. गेले की नाही?"

"गेले."

"तेव्हा तू भांडली नाहीस. आता भांड."

रविवारी हॉल भरला होता. अकॅडमीची पोरं एकसारख्या टीशर्टात ओळीने बसवलेली. पुढच्या दोन रांगा भोईरांच्या भावकीच्या. मंचावर स्वप्नालीसोबत जयरामांनाही बसवलं होतं. गळ्यात शाल, हातात नारळ, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. निवेदकाने "अणूच्या पोटात शिरून विश्वाचं रहस्य बाहेर काढणारी रणरागिणी" अशी तिची ओळख करून दिली आणि माईक तिच्या हाती दिला.

ती शांतपणे बोलली. गाभे काय, झोत काय, हुकलेली टक्कर काय, सगळं सोपं करून सांगितलं. उंचवट्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "तर तो कण आम्हाला सापडलेला नाही. बाहेरच्या बोर्डावर जे सुचवलंय ते खोटं आहे. आणि मी या क्लासमध्ये शिकलेली नाही. प्रश्न विचारला म्हणून मला इथे मागच्या बॅचला बसवलं होतं, मग मी निघून गेले. मला फिजिक्स शिकवलं रोझमेरी टीचरांनी."

हॉल एकदम शांत झाला. त्या शांततेत तिला वाटलं, पोचलं.

तेवढ्यात निवेदकाने दुसरा माईक उचलला. "मंडळी, बघा! याला म्हणतात विनय! एवढा मोठा शोध लावूनही मुलगी म्हणते, मी काही शोधलं नाही! फळांनी लगडलेलं झाड असंच वाकलेलं असतं! जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या. टीशर्टातली पोरं शिट्ट्या मारायला लागली. जितेश सर डोळे पुसल्यासारखं करत उभे राहिले.

स्वप्नाली "नाही, ऐका," म्हणत राहिली, पण तिच्या माईकचा आवाज कोणीतरी बारीक केला होता. आपण चिखलात दगड मारतोय आणि चिखल तो गिळून वर हसतोय, असं तिला वाटलं. खोटं ठरवलं असतं तरी चाललं असतं. इथे तिचं खरं बोलणंच दागिन्यासारखं त्यांनी त्या खोट्याच्या गळ्यात घातलं होतं.

तेव्हा जयराम उठले.

कोणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, शाल काढली, तिची घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. माईककडे त्यांनी पाहिलंही नाही. खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारणाऱ्या माणसाला माईक लागत नाही.

"ओ! टाळ्या बंद करा!"

टाळ्या तुटक होत थांबल्या.

"माजी पोर लाजत नाय. ती सांगते सापडला नाय, तर नाय सापडला! ती तिथं सगलं बघून आली. तुमी गेलते काय बघायला?" ते निवेदकाकडे वळले. "तू गेलतास?"

"काका, तुम्ही बसा ना," जितेश सर हसऱ्या तोंडाने पुढे आले. "भावना समजू शकतो आम्ही."

"माज्या ओटीवर बसून चहा पिलात आनि मला खोटं सांगितलंत," जयराम म्हणाले. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून सर जास्त गडबडले. "फोटो मी दिला. चुकी माजी. आता मीच काढतो."

ते मंचावरून उतरले. यमुनाबाई उठल्या, प्रितेश उठला, आणि मग दोन रांगा भावकी खुर्च्या सरकवत उठली. जेवण ठेवलेलं होतं. कोणी थांबलं नाही. एका काकांनी मात्र जाता जाता पुडीतला लाडू खिशात टाकला, आणि त्यावरून काकू त्यांना फाटकापर्यंत बोलत राहिल्या.

बोर्ड दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. भर नाक्यात, सगळ्यांदेखत. शिडी प्रितेशने गोदामातून आणली, दोऱ्या जयरामांनी कापल्या. मेडिकलवाल्याने विजेच्या तारांपासून जपायला सांगितलं, बाकी काही विचारलं नाही. जितेश सरांचा फोन आला: मालमत्तेचं नुकसान केलंत, तक्रार करतो. "करा," जयराम म्हणाले. "मीपन येतो पोलीस ठान्यात. काय लिवलंवतं ते साहेबांना वाचून दाखवा." तक्रार झाली नाही.

पण आठ दिवसांत त्याच जागी दुसरा बोर्ड लागला. कुठल्या तरी परीक्षेत देशात पहिला आलेला म्हणे एक मुलगा. तो कधी ध्रुवांकमध्ये आला होता का, हे नाक्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

तिकडे गटप्रमुखाचं उत्तर आलं. खुलासा समाधानकारक आहे, असं कळवलं होतं. मात्र परिषदेच्या आयोजकांना नाव देण्याची मुदत संपल्यामुळे भाषण दुसऱ्या सहकाऱ्याला दिलं होतं. माफीचा शब्द कुठेच नव्हता. परिषदेच्या दिवशी तिने संगणकासमोर बसून ते भाषण ऐकलं. आलेख तिचा होता, रंगसुद्धा तिनेच निवडलेले. उंचवटा कसा पुसला गेला हे सांगताना तो सहकारी म्हणाला, "आमच्या लक्षात आलं की..." स्वप्नालीने त्याच दिवशी गटप्रमुखाला पत्र लिहिलं. नम्र नव्हतं ते. 'आमच्या' म्हणजे कोणाच्या, हे पुढच्या भाषणात स्पष्ट व्हावं, आणि ते भाषण मी देईन, असं त्यात होतं. तिच्या संशोधनाच्या गाईडने वाचून सांगितलं, जरा सौम्य कर. तिने एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवून दिलं. हे भाषण मात्र तिला मिळालं.

गावात गोष्ट अशी सरळ झाली नाही. मे महिन्यात भावकीतल्या लग्नात ती पंगतीला बसली असताना समोर बसलेल्या, नवऱ्यामुलाच्या आत्याने शेजारणीला कोपर मारून दाखवलं, "हीच ती. देवाचा कण शोधला ना, ती."

वाढायला फिरणारे जयराम हातातलं वरणाचं भांडं घेऊन जागीच थांबले. "नाय शोधला," ते जोरात म्हणाले. "नाय तिथं तो."

"अगोबाई," आत्या हिरमुसल्या. "मग बिचारीची मेहनत फुकटच गेली की."

स्वप्नालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पंगतीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती. तिने भाताचा घास परत पानात ठेवला, डाव्या हाताने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आत्या, पाटावरून उठू नका. शिशाचा अणू माहितीये का तुम्हाला? नाही ना? ऐका मग."